लेकराची शाळा निवडताना
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त अड्याळ येथे झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



समितीने आम्हाला 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय दिला होता. तो आम्ही नम्रपणे बाजूला ठेवतो. या विहारात बसलेल्या माणसांना शिक्षणाचे महत्त्व सांगायचे म्हणजे कास्तकाराला धान म्हणजे काय ते सांगण्यासारखे आहे. ज्या माउलीने रोवणीच्या चिखलात वाकून मिळालेल्या मजुरीतून पोराची फी भरली, तिला आम्ही काय महत्त्व सांगणार? तिच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. शिकवायचे आहे हे ठरलेले आहे, पण कोणत्या शाळेत? त्यावरच आज बोलू.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. विहाराच्या मागल्या खोलीत संध्याकाळी अभ्यासवर्ग भरतो. तिथे शिकवणारे आम्ही पाचजण : दोन निवृत्त गुरुजी, एक अंगणवाडी सेविका आणि कॉलेजात शिकणारी दोन मुले. सगळ्या शाळांची लेकरे आमच्यासमोर एकाच सतरंजीवर बसतात. त्यामुळे कोणत्या शाळेत काय शिकवतात, ते आम्हाला शाळेत न जाताही कळते. जे सांगणार आहोत ते त्या सतरंजीवरून पाहिलेले आहे.

उन्हाळा जवळ आला की भंडारा–पवनी रस्त्यावर फलक लागतात. फलकावर टाय बांधलेला गोरापान मुलगा असतो. तो आपल्या गावचा नसतो, एवढे नक्की. मग घराघरांत चर्चा सुरू होते : 'कॉन्व्हेंटमधी टाकाचं का?' कॉन्व्हेंट म्हणजे खरे तर ख्रिस्ती जोगिणींचा मठ. पण आपल्या विदर्भात इंग्रजी माध्यमाची कोणतीही शाळा, मग ती दोन खोल्यांवर टिनाचे पत्रे टाकून का चालवलेली असेना, कॉन्व्हेंटच म्हणवते. विहारात बसून मठाच्या फीची चौकशी करणारी माणसे जगात आपणच असू.

परंतु पालकांना हसून उपयोग नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना आम्ही विचारले, की बाबा, एवढा खर्च का करता? ते म्हणाले, "मी झेडपीच्या शाळेत शिकलो जी. भंडाऱ्याच्या ऑफिसात साहेब इंग्रजीत बोलला, तं माया तोंडातून शब्द नाही निंगाला. पोराचं तसं नाही झालं पाहिजे." दुसरे एकजण म्हणाले, "पाटलाचं पोरगं गेलं, दुकानदाराचं गेलं, खुद्द गुरुजीचं पोरगं गेलं. मग आमचीच लेकरं कावून मागं ठेवाची?" या दोन्ही प्रश्नांना आमच्याजवळ फटकन देण्यासारखे उत्तर नाही. स्वतःच्या लेकराचा बळी देऊन सरकारी शाळा वाचवा, असे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. ज्यांची स्वतःची मुले शहरात शिकतात त्यांना तर मुळीच नाही.

शाळा निवडण्याची ही संधीसुद्धा आपल्याला आयती मिळालेली नाही. नागपूरच्या जाईबाई चौधरींचे नाव इथल्या किती मुलींना माहीत आहे? १८९२ साली उमरेडला त्यांचा जन्म झाला. डोक्यावर ओझी वाहून त्यांनी पोट भरले. पुढे मिशनच्या एका शाळेत त्यांना शिक्षिकेची नोकरी लागली. पण बाई अस्पृश्य आहे हे कळताच इतर पालकांनी आपापली मुले शाळेतून काढायला सुरुवात केली, आणि बाईंना ती नोकरी सोडावी लागली. त्या पालकांनीही 'शाळा निवडली'च होती! जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. मुलींची, हे लक्षात ठेवा. त्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता मुद्द्यावर येऊ. शाळा पाहायला जाताना आपण काय पाहतो? गेट, गणवेश, व्हॅन, संगणकाची खोली. फार झाले तर संस्थाचालकाची गाडी. आम्ही म्हणतो, हे सगळे नंतर पाहा. आधी त्या शाळेत तिसरी-चौथीत शिकणारे ओळखीचे एखादे लेकरू गाठा. त्याला त्याचेच पुस्तक द्या आणि त्याने न वाचलेल्या धड्यातला एक परिच्छेद वाचायला सांगा. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि काय वाचले ते त्याच्या शब्दांत विचारा. मग साधा भागाकार घाला. दहा मिनिटांचे काम आहे. देशभर 'असर' नावाची पाहणी २००५ पासून होते. तीही अशीच, घरी जाऊन, दुसरीच्या पातळीचा मजकूर मुलांसमोर ठेवून केली जाते. कुठले यंत्र लागत नाही.

आमच्या सतरंजीवर हा प्रयोग आम्ही अनेकदा केला. इंग्रजी शाळेतल्या काही मुलांच्या वह्या पाहाव्यात तर मोत्यासारख्या. प्रश्नही इंग्रजीत, उत्तरही इंग्रजीत, खाली बाईंची लाल सही. आणि त्याच उत्तराचा अर्थ विचारला की मूल छताकडे पाहते. कारण उत्तर फळ्यावरून उतरवलेले असते. वर्गात बाई समजावतात मराठीत, बोलतात झाडीबोलीत आणि लिहून देतात इंग्रजीत. त्या बाईंचा दोष नाही. तुटपुंज्या पगारावर राबणारी ती आपलीच एखादी मुलगी असते. पण ज्या मुलाच्या घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, त्याला पहिल्याच वर्षी विज्ञान आणि गणित इंग्रजीत दिले तर ते विज्ञानही शिकत नाही नि इंग्रजीही शिकत नाही. ते उतरवायला शिकते.

म्हणजे इंग्रजी नको का? पाहिजे, चांगली पाहिजे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. अनेक शाळांत सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. बाबासाहेबांचे शिक्षण आठवा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले, पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूल, आणि १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या इंग्रजीला जगाने मान दिला, आणि 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत'मधले त्यांचे मराठी आजही धारदार वाटते. एका भाषेने दुसरीला मारले नाही. आमचे मत विचाराल तर गावातल्या लेकरासाठी आधी मराठीत वाचणे पक्के, मग चढत्या इयत्तेने इंग्रजी, हा रस्ता बरा. पण ज्या शाळेत इंग्रजी येणारे शिक्षक खरोखर आहेत आणि मूल समजून वाचते आहे, तिथे घालायला आमची ना नाही.

शिक्षकांबद्दल एकच प्रश्न विचारा : मागच्या वर्षीच्या बाई यंदा आहेत का? दरवर्षी शिक्षक बदलत असतील तर ती शाळा कशावर चालली आहे ते समजून घ्या. आणि हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या शाळेतही विचारा. तिथे गुरुजी शिकलेले असतात, परीक्षा देऊन आलेले असतात, पण चार वर्गांना दोन गुरुजी आणि त्यातला एक कायम बैठकीला किंवा माहिती भरायला, असे असेल तर तेही उघड बोलले पाहिजे. सरकारी म्हणून चांगली आणि खासगी म्हणून वाईट, असा हिशोब आम्ही मांडत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० मध्ये जगातल्या उत्तम शिक्षकाचा पुरस्कार मिळाला. वाडीवरची शाळा होती, फलकावर टायवाला मुलगा नव्हता. आणि सगळ्याच जिल्हा परिषद शाळांत डिसले गुरुजी नसतात, हेही आम्हाला ठाऊक आहे.

आता पैशाचे बोलू, कारण फसगत इथेच होते.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात खासगी विनाअनुदानित शाळांतल्या प्रवेशाच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी आहेत. आपल्या अनुसूचित जातीच्या मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला, जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा, एवढे लागते. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून, जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट देऊन टाकली होती. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. म्हणजे हक्क शाबूत आहे. फक्त अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळांना तो लागू नाही. गंमत म्हणजे बौद्ध संस्थांनाही हा दर्जा मिळू शकतो, तेव्हा आपल्या माणसाची शाळा म्हणून गृहीत धरू नका, विचारून घ्या.

पण सोडतीत नंबर लागला की पेढे वाटणाऱ्यांनी एक ऐकावे. ही मोफत शिक्षणाची हमी आठवीपर्यंत आहे. नववीत पूर्ण फी समोर येते. तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा झालेला असतो, मित्र तिथेच असतात, माध्यम बदलणे अवघड असते. आठ वर्षांनी काय करायचे याचा विचार पहिलीचा अर्ज भरतानाच करावा लागतो. दुसरे, कित्येक कॉन्व्हेंटची मान्यताच चौथी-पाचवीपर्यंत असते. पाचवीनंतर मूल मराठी हायस्कुलात येते तेव्हा त्याला मराठी धड लिहिता येत नाही आणि इंग्रजीचा धागा तुटतो. अशी लेकरे आमच्या वर्गात आहेत. ती मठ्ठ नाहीत, त्यांना मध्येच वाऱ्यावर सोडले गेले आहे. म्हणून शाळेत जाल तेव्हा मान्यता कितवीपर्यंत आहे ते विचारा. अकरा आकडी यू-डायस क्रमांक मागा. चांगली शाळा रागावणार नाही. जी रागावते ती का रागावते, हे तुम्हीच ठरवा.

आणि खासगी शाळेत गेल्याने काय सुटते, त्याचीही मोजदाद ठेवा. पुस्तके सुटतात, दुपारचा आहार सुटतो. आठवीत एन.एम.एम.एस. नावाची परीक्षा असते. तीत निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये. ती परीक्षा सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच देता येते, विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलांना नाही. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, आणि आपल्यातल्या बहुतेक घरांचे ते असतेच. शाळेत टाकताना हे कुणी सांगितले होते का? नाही सांगत. फलकावर जागा नसते.

नवोदय विद्यालयाचीही गोष्ट तशीच. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा होईपर्यंत आपण सारे एकाच जिल्ह्याचे होतो, आणि नवेगावबांधचे नवोदय या भागाला जुने माहितीचे आहे. सहावीचा प्रवेश, परीक्षा मराठीतून देता येते, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एकतृतीयांश मुलींच्या. राहणे, जेवण, शिक्षण. यापेक्षा चांगली निवासी शाळा फी भरूनही आपल्याला मिळणार नाही. तरी दरवर्षी पाचवीतल्या मुलांचे फॉर्म भरायचे राहून जातात.

फॉर्मवरून आठवले. पहिल्या प्रवेशाच्या वेळी दाखल-खारीज रजिस्टरात काय लिहिले जाते, तिकडे डोळे उघडे ठेवून पाहा. नाव, जन्मतारीख, धर्म, जात. १९५६ नंतर आपल्यापैकी अनेकांनी अभिमानाने फक्त 'बौद्ध' लिहिले. तो अभिमान योग्यच होता, पण केंद्राच्या सवलती आपल्याला १९९० मध्ये कायदा दुरुस्त झाल्यावर मिळाल्या, आणि जातीच्या पडताळणीत आजही १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो पुरावा कुठे मिळतो? बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या गावच्या जुन्या शाळेच्या रजिस्टरात. ज्या शाळेला आपण नाक मुरडतो, तिच्याच कपाटात आपल्या नातवंडांच्या नोकरीचा कागद पडलेला असतो. प्रवेशाच्या दिवशी नोंद स्वतः वाचा, आणि जुन्या दाखल्याशी नावाचे एकेक अक्षर जुळवून मगच सही करा.

आता ज्यासाठी एवढे बोललो, तिकडे येतो.

आमच्या वर्गात एक भाऊ-बहीण येतात. नावे सांगणार नाही, आणि ओळखली तरी बोलू नका. भाऊ तिसरीत, कॉन्व्हेंटला. दारात व्हॅन येते. बहीण पाचवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, पायी जाते. भावाचे दप्तर नवे आहे, बहिणीचे मागल्या सालचे. मुलगी समजून वाचते. भागाकारच काय, अपूर्णांक सोडवते, आणि संध्याकाळी भावाचा इंग्रजी धडा पुस्तकामागच्या शब्दार्थांवरून ती त्याला समजावते. आम्ही तिचा नवोदयचा फॉर्म काढायला घरी गेलो. वडील घरचे चांगले, व्यसन नाही, विहाराच्या कामात पुढे असणारे. म्हणाले, "तिले इतक्या लांब कशाले पाठवाचं जी? तिचं चालू आहे न बरं." आई चुलीजवळून म्हणाली, "पैसा एकाचाच पुरते." पैसा लागत नाही असे सांगितले. तरी त्या दिवशी सही झाली नाही. मुलगी दारात उभी राहून सगळे ऐकत होती.

असे एकच घर नाही. मुलगा कॉन्व्हेंटला आणि मुलगी झेडपीला, ही वाटणी आपल्या वस्तीत सर्रास दिसते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपण मंचावरून सावित्रीबाईंचे नाव घेतो, रमाईचे घेतो. जाईबाईंनी मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांच्याजवळ काय होते? आमचा आक्षेप मुलीला सरकारी शाळेत घालण्याला नाही. ती शाळा चांगली असेल तर दोघांना तिथे घाला. आक्षेप याला आहे, की मुलासाठी आपण चार शाळा पाहतो, उसनवारी करतो, आणि मुलीसाठी जी जवळ आहे ती. मुलाची निवड होते, मुलीची सोय होते. गावातली मुलगी शिकण्यासाठी एस.टी.ने बारावीपर्यंत मोफत जाऊ शकते. पण सही घरातूनच व्हावी लागते.

आणि मागे राहिलेल्या त्या शाळेचे काय? डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने पट कमी म्हणून १३१४ शाळा दुसऱ्या शाळांत मिसळायला घेतल्या होत्या. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याची कल्पना पुढे आली. पट कमी झाला की शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की आणखी पट जातो. शेवटी तिथे उरतात त्या मुली, मजुरांची लेकरे, आणि हंगामात आईबापांसोबत बाहेरगावी जाणारी. शाळा दूर गेली की सगळ्यात आधी मुलगी घरी बसते.

यावर आपल्या हातात काही नाही असे नाही. कायद्याने सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. ती समिती शाळेचा आराखडा करते, खर्चावर नजर ठेवते, शिक्षक वेळेवर येतात का ते पाहते. आपल्या अनेक भगिनी या समितीवर आहेत आणि त्यांना ते सहीपुरतेच माहीत आहे. रजिस्टर घरी येते, सही होते, बैठक झाली! इथे विहाराचा जमाखर्च बाया पै-पैने तपासतात. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झाले. तिथल्या स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली निघाली, आणि त्यात बायांचीही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या भागातल्या बाईचे नाव दगडावर लागते, आणि आज शाळेच्या बैठकीत तिला खुर्ची मिळत नाही, हे पटते का? पुढच्या बैठकीचा दिवस मुख्याध्यापकांना लेखी विचारा, आणि चारजणी मिळून जा. एकटीला बोलू देत नाहीत, चौघींना थांबवत नाहीत.

खासगी शाळेत ही समिती नसते, पण पालक-शिक्षक संघ असतो. राज्याच्या फी नियंत्रणाच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे फी ठरवताना त्याच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. प्रवेशासाठी देणगी घेणे आणि लेकराची किंवा पालकाची परीक्षा घेणे, दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. मारायलाही बंदी आहे. पावती मागायला लाजू नका.

फार बोललो, वेळ झाली, भोजनदानाची तयारी दिसते आहे. ज्यांचे लेकरू येत्या वर्षी पहिलीत जायचे आहे त्यांनी जन्माचा दाखला, आधार, जातीचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा घेऊन संध्याकाळी अभ्यासवर्गाच्या वेळी यावे. आम्ही अर्ज भरून देऊ, पैसे लागणार नाहीत. पाचवीतल्या मुलामुलींच्या पालकांनी नवोदयच्या फॉर्मसाठी यावे. ज्यांच्या घरी दोन लेकरे आहेत त्यांनी दोघांचीही कागदे आणावीत. त्या मुलीचा फॉर्म आमच्याजवळ भरून तयार आहे, सहीची जागा तेवढी मोकळी आहे. तिचे वडील आज इथे बसलेले आहेत. आम्ही उद्या सकाळी पुन्हा त्यांच्या घरी जाणार आहोत.

जय भीम.